ज्यूरीच्या खुर्चीत चार रविवार: अंबाजोगाईतील एका अभ्यासवर्गाचे परीक्षण

दिवाळीनंतरच्या चार रविवारी अंबाजोगाईतील एका खासगी वाचनालयाने ‘ज्यूरी आणि फाशी’ या विषयावर सशुल्क अभ्यासवर्ग घेतला. ज्यूरी म्हणजे खटल्यात निर्णय देण्यासाठी बसवलेले सामान्य नागरिक. शुल्क १,२०० रुपये होते आणि त्यात चौसष्ट पानांची पुस्तिका, सकाळचा नाश्ता, दोन वेळचा चहा व शेवटी प्रमाणपत्र धरलेले होते. आपल्याकडे व्याख्यानमालेला पैसे देऊन जाण्याची पद्धत नाही. वक्त्याला शाल, श्रीफळ आणि श्रोत्याला फुकट खुर्ची, हाच आजवरचा रिवाज. त्यामुळे हे शुल्क वसूल होते का, असे मला अनेकांनी विचारले, आणि तेवढ्यासाठीच हे सविस्तर परीक्षण लिहीत आहे. मी स्वतः सत्र न्यायालयाच्या सेवेत एकतीस वर्षे काढली, आधी बेंच क्लर्क आणि शेवटी शिरस्तेदार म्हणून. शिक्षा सुनावली जाताना मी न्यायासनाखालच्या टेबलावर बसलेलो असे. सवय मला रोजनामा लिहिण्याची आहे, मत देण्याची नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

आधी सोयींविषयी. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरील सभागृह स्वच्छ होते, परंतु पंखे चार आणि माणसे एकेचाळीस. पोहे उत्तम. दुपारचा चहा मात्र चारही रविवारी थंडच आला आणि तक्रार केल्यावर ‘गॅस संपलाय’ हेच उत्तर चारही वेळा मिळाले. दुसऱ्या रविवारी वीज गेली आणि पाऊण तास ध्वनिक्षेपकाविना चालवावा लागला. त्या पाऊण तासात लोक अधिक नीट ऐकत होते, हेही नोंदवतो. प्रमाणपत्र तीन आठवडे उशिरा मिळाले आणि त्यावर माझे आडनाव चुकलेले आहे.

वर्ग चालवणाऱ्या वकीलताई तरुण आहेत आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात वकिली करतात. त्यांनी पहिल्याच तासाला एक गोष्ट स्पष्ट केली, जी आपल्याकडच्या चर्चेत हमखास निसटते. अमेरिकेत फाशीच्या खटल्यात ज्यूरी दोनदा बसते. पहिल्यांदा आरोपी दोषी आहे की नाही हे ठरवते. दोषी ठरल्यास पुन्हा स्वतंत्र सुनावणी होते आणि त्याला मृत्युदंड द्यावा की मरेपर्यंत तुरुंगात ठेवावे, हेही बहुतेक राज्यांत तीच ज्यूरी ठरवते. १९७२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने फर्मन खटल्यात तेव्हाचे मृत्युदंडाचे कायदे मनमानी ठरवून रोखले, १९७६ मध्ये ग्रेग खटल्यात सुधारित कायद्यांना मान्यता दिली, आणि ही दोन टप्प्यांची रचना तेव्हापासून रुळली. पुढे २००२ मधील रिंग खटल्याने आणखी एक पाऊल टाकले: मृत्युदंडाला पात्र ठरवणारी गंभीर बाब सिद्ध झाली की नाही, हे न्यायाधीशाने एकट्याने नव्हे, तर ज्यूरीने ठरवायचे. आपल्याकडे ज्यूरी होती तेव्हाही तिचे काम दोषी की निर्दोष एवढेच होते. शिक्षा न्यायाधीशच देत असत. हा फरक न समजता ‘आपल्याकडेही ज्यूरी हवी होती, म्हणजे नराधमांना लगेच फाशी झाली असती’ असे बोलणारे पहिल्या रविवारी सभागृहात किमान दहाजण होते. आमच्या शेजारचे एक गृहस्थ तर ज्यूरी म्हणजे पंचनाम्यावरचे पंच समजून आले होते आणि ‘पंच फितूर झाला तर काय?’ असे विचारत होते. प्रश्न अगदीच वावगा नव्हता.

पुस्तिकेबद्दल मात्र माझी तक्रार आहे. नानावटी प्रकरणामुळे भारतातली ज्यूरी गेली, असे तिच्यात ठामपणे छापले आहे. प्रकरण सर्वांना ठाऊक आहे: १९५९ मध्ये मुंबईत नौदल अधिकारी कावस नानावटी यांनी प्रेम आहुजा यांच्यावर गोळ्या झाडल्या, ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने नानावटींची बाजू इतकी लावून धरली की शहर त्यांच्या पाठीशी उभे राहिले, ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने त्यांना निर्दोष ठरवले, आणि सत्र न्यायाधीश रतिलाल मेहता यांना तो निर्णय मान्य न झाल्याने त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये ती कायम केली. हे सगळे खरे. पण ज्यूरी बंद करावी अशी शिफारस विधी आयोगाने आपल्या चौदाव्या अहवालात १९५८ मध्ये, म्हणजे गोळी सुटण्याच्या आधीच केली होती, आणि कायद्याच्या पुस्तकातून ज्यूरी पूर्णपणे गेली ती १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने. रंजक गोष्ट हाताशी असली की माणूस तारखा पाहत नाही. बाराशे रुपये घेणाऱ्यांनी तरी पाहाव्यात. याच पुस्तिकेत टिळकांवरील १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्याला दीड ओळ दिली आहे. खरे तर वर्गाच्या विषयाला तोच अधिक जवळचा होता: नऊ जणांच्या ज्यूरीत सात युरोपीय आणि दोन हिंदी, सातांनी दोषी म्हटले, दोघांनी निर्दोष, आणि टिळकांची रवानगी मंडालेला झाली. ज्यूरीत कोण बसले आहे हे कळले की निकाल कळतो, याचे याहून उघड उदाहरण मराठी माणसाला शोधूनही सापडायचे नाही.

पैसे खऱ्या अर्थाने वसूल झाले ते दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारी, कारण तेव्हा व्याख्यान बंद झाले आणि आम्हालाच खुर्चीत बसवले गेले. ताईंनी एक काल्पनिक खटला तयार केला होता. चोवीस वर्षांचा ऊसतोड मजूर. उचल फिटत नाही म्हणून मुकादमाने त्याच्या बायकोला कोपीबाहेर, म्हणजे मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीबाहेर, येऊन सर्वांसमोर बोल लावलेला. त्या रात्री मजुराने मुकादमाला कोयत्याने मारले आणि आवाजाने जागा झालेला मुकादमाचा नऊ वर्षांचा मुलगाही त्याच वारात गेला. गुन्हा सिद्ध झाला आहे, असे धरून चालायचे. प्रश्न एकच: फाशी की जन्मठेप. खटल्याची बावीस पानी फाइल प्रत्येकाला दिली होती आणि ती फाइल या संपूर्ण अभ्यासवर्गातील सर्वांत चांगली वस्तू आहे, असे मी एकतीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो. जबाब, पंचनामा, शवविच्छेदनाचा गोषवारा, आरोपीच्या शाळेचा दाखला, मुकादमाच्या विधवेचे निवेदन, सगळे जिथे असायला हवे तिथे होते, आणि भाषाही ठाण्यातल्या जबाबाचीच होती.

गट पाडण्याआधी ताईंनी विचारले, ‘कोणत्याही परिस्थितीत फाशीला होकार देणार नाही, असे इथे कोण आहे?’ पाच हात वर झाले. एक माळकरी आबा, दोन शिक्षिका, एक निवृत्त तलाठी आणि कायद्याच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी. त्या पाचही जणांना उठवून मागच्या बाकावर बसवण्यात आले आणि यापुढे तुम्ही फक्त ऐकायचे, असे सांगण्यात आले. आबा म्हणाले, ‘पैसे घेतले तवा इचारलं न्हाई. आता मत घ्यायचं न्हाई म्हंता?’ सभागृह हसले, पण ताई हसल्या नाहीत. त्यांनी सांगितले की अमेरिकेत फाशीच्या प्रत्येक खटल्यात हीच चाळणी लागते. १९६८ मधील विदरस्पून निकालाने एवढेच केले की फाशीविषयी नुसता सर्वसाधारण आक्षेप असणाऱ्यांना काढता येत नाही. त्या निकालाप्रमाणे काहीही झाले तरी फाशी देणार नाही, असे निःसंदिग्ध सांगणाऱ्यांनाच काढता येत असे; १९८५ मध्ये त्याच न्यायालयाने ही अट सैल केली. अशी चाळलेली ज्यूरी दोषी ठरवण्याकडेही अधिक झुकते, असा युक्तिवाद १९८६ मध्ये लॉकहार्ट खटल्यात पाहण्यांसह मांडला गेला आणि न्यायालयाने तो फेटाळला. याचा अर्थ असा की ‘बाराही जणांनी एकमुखाने मृत्युदंड दिला’ ही बातमी आपण वाचतो तेव्हा नकार देऊ शकणारी माणसे आधीच घरी गेलेली असतात. जनतेचा आवाज म्हणून जो ऐकू येतो, तो गाळून घेतलेला असतो.

इथे एक चूक झाली आणि ती मी तेव्हाच दाखवून दिली. चाळणी दोन्ही बाजूंनी लागायला हवी. काहीही झाले तरी फाशीच देणार, असे म्हणणाऱ्यालाही ज्यूरीत बसता येत नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये मॉर्गन खटल्यात सांगितले आहे. पुस्तिकेच्या चाळिसाव्या पानावर ते छापलेलेही आहे. तो प्रश्न मात्र विचारलाच गेला नाही. परिणामी सकाळच्या नाश्त्यालाच ‘असल्याला चौकात लटकवला पाहिजे’ असे जाहीर केलेले बी-बियाण्याचे दुकानदार आमच्याच गटात आले. ताईंनी चूक मान्य केली, परंतु तोवर गट बसले होते.

छत्तीस जणांचे बारा-बारांचे तीन गट झाले आणि तिघांना तीन वेगळे नियम दिले गेले. आमच्या गटाला फाशीसाठी बाराही मते हवी होती. दुसऱ्या गटाला अलाबामाप्रमाणे दहा पुरे होती. तिसऱ्या गटाला फ्लोरिडाच्या नव्या कायद्याप्रमाणे आठ. हा नवा कायदा कसा आला, ते सांगणे आवश्यक आहे. १४ फेब्रुवारी २०१८ रोजी फ्लोरिडातील पार्कलंड येथील शाळेत एका माजी विद्यार्थ्याने सतरा जणांना गोळ्या घालून मारले. त्याने गुन्हा कबूल केला, त्यामुळे ज्यूरीपुढे प्रश्न फक्त शिक्षेचा होता. सुमारे तीन महिने सुनावणी चालली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ज्यूरी नऊ विरुद्ध तीन अशी फुटली. तेव्हाच्या कायद्यानुसार एकमत नसल्याने जन्मठेप झाली. मृत मुलांच्या आईवडिलांचा संताप साऱ्या देशाने पाहिला. ज्या तिघांनी नकार दिला त्यांच्याकडे बोट दाखवले गेले. आणि एप्रिल २०२३ मध्ये फ्लोरिडाने आठ विरुद्ध चार मते पुरेशी ठरवणारा कायदा केला. याच राज्याने २०१७ मध्ये एकमताची अट घातली होती. म्हणजे सहा वर्षांत नियम एकदा इकडे आणि एकदा तिकडे झाला, आणि दुसऱ्या वेळी तो एका निकालाच्या रागातून झाला.

आमच्या गटाचे आता सांगतो. चर्चेआधी प्रत्येकाने नाव न घालता चिठ्ठी टाकायची होती. आठ चिठ्ठ्या फाशीच्या निघाल्या, चार जन्मठेपेच्या. माझी आठांत होती. नियमामुळे उठता येईना. दुकानदार म्हणाले, ‘ते लेकरू कसं ओरडलं असेल, ते कुणाला ऐकू येतंय का?’ बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मग सरकारी दवाखान्यातल्या एक सिस्टर, ज्या तोवर गप्प होत्या, त्यांनी फाइलचे अकरावे पान उघडले. पोलीस पाटलाचा जबाब होता. पहाटे तो पोहोचला तेव्हा आरोपी पळालेला नव्हता. मुलाच्या अंगावर स्वतःची चादर टाकून तो विहिरीच्या काठावर बसलेला होता आणि पाटलाला पाहून ‘मला न्या’ एवढेच म्हणाला. सिस्टर म्हणाल्या, ‘भाऊ, हे मला रात्री वाचल्यापासून सुटंना. चादर का टाकली असेल?’

अकरावे पान मी वाचले होते. जबाबावर तारीख आहे का, अंगठा आहे का, पृष्ठांकन बरोबर आहे का, हे सगळे पाहिले होते. चादर मला दिसली नव्हती.

त्यानंतर आमच्या गटात सुमारे दोन तास चर्चा झाली. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलाने चादर ही लपवण्यासाठीही असू शकते, असे सुचवले. सिस्टरनी पंचनामा काढून मुलाचा चेहरा उघडा होता हे दाखवले. दुकानदारांनी मुकादमाच्या विधवेचे निवेदन मोठ्याने वाचले आणि वाचता वाचता त्यांचाच आवाज बसला. शेवटची चिठ्ठी पुन्हा आठ विरुद्ध चारच निघाली, फक्त माणसे बदलली होती: एक गुरुजी फाशीकडून जन्मठेपेकडे गेले आणि एक रेशन दुकानदार उलट आले. मी होतो तिथेच राहिलो. नऊ वर्षांच्या मुलाचा मुद्दा माझ्याच्याने ओलांडवला नाही, आणि ते लपवण्यासारखे मला वाटत नाही. एकमत नसल्याने आमच्या खोलीत आरोपीला जन्मठेप झाली.

चहाच्या वेळी मी इतर गटांत चौकशी केली. आठ मतांच्या गटात पहिल्याच फेरीत नऊ चिठ्ठ्या फाशीच्या निघाल्या आणि वीस मिनिटांत काम संपले. उरलेल्या वेळात त्यांनी सोयाबीनच्या भावाची चर्चा केली. अकराव्या पानाचा विषय तिथे निघालाच नव्हता. तिथल्या तिघांपैकी एका बाईंना चादरीचे ठाऊक होते. मी विचारले, मग बोलला का नाहीत? त्या म्हणाल्या, ‘त्यांचे नऊ झाले होते की. आता ऐकायला कोण बसलंय?’ दहाच्या गटात पाऊण तास चर्चा झाली आणि तीही दहावा माणूस मिळेपर्यंतच. तीन खोल्या, एकच फाइल, जवळपास तीच मते, आणि दोन खोल्यांत फास तर एकीत तुरुंग.

या एका दुपारसाठी मी बाराशे रुपये पुन्हा देईन. वृत्तवाहिन्यांवरचा वाद नेहमी याभोवती फिरतो की लोक दयाळू आहेत की क्रूर, समाजाला फाशी हवी आहे की नको. मला इथे दिसले ते वेगळेच होते. लोक तेच असतात. खुर्चीत कोणाला बसू दिले आणि किती मतांवर कुलूप उघडते, यावर ते अकरावे पान उघडतात की नाही हे ठरते. आणि हे दोन्ही नियम खटल्याच्या पुष्कळ आधी, कोणाचे लक्ष नसताना लिहिलेले असतात. मिसिसिपीतील कर्टिस फ्लॉवर्स यांच्यावर एकाच प्रकरणात सहा वेळा खटला चालला. त्या सहा खटल्यांत मिळून सरकारी वकिलाने ज्यूरीसाठी आलेल्या बेचाळीस कृष्णवर्णीय नागरिकांपैकी एकेचाळीस जणांना वगळले होते. २०१९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शेवटची दोषसिद्धी रद्द केली आणि २०२० मध्ये खटलाच मागे घेण्यात आला. तोवर या माणसाला चार वेळा मृत्युदंड सुनावून झाला होता. ताईंनी हे प्रकरण तिसऱ्या रविवारी अर्ध्या तासात आटोपले. माझ्या मते त्याला पूर्ण सकाळ द्यायला हवी होती.

चौथा रविवार भारतासाठी होता आणि तो काहीसा घाईत झाला. आपल्याकडे ज्यूरी नाही, म्हणून जनमताचा प्रश्नही नाही, अशी समजूत करून घेता येत नाही, हे त्यांनी नीट मांडले. १९८० च्या बचनसिंग निकालाने फाशी केवळ ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ प्रकरणात द्यावी, असे ठरवले. तीन वर्षांनी मच्छीसिंग निकालात समाजाच्या सामूहिक सदसद्विवेकबुद्धीला धक्का बसणे हा निकष आला. म्हणजे बारा माणसांना बोलावून विचारायचे नाही, पण समाजाला काय वाटते हे न्यायाधीशाने ओळखायचे. ते कशावरून ओळखायचे? २००९ मध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या बरियार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच जनमत या कसोटीत बसवणे अवघड असल्याचे म्हटले. या मुद्द्यावर सभागृहात कोपर्डीचा विषय निघणे अटळ होते. ९ ऑगस्ट २०१६ रोजी औरंगाबादेत निघालेल्या पहिल्या मूक मोर्चात आमच्यापैकी निदान पंधराजण चालले होते आणि दोषींना फाशी ही त्या मोर्चाची मागणी होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये अहमदनगरच्या सत्र न्यायालयाने तिघांना फाशी सुनावली. एका श्रोत्याने विचारले की आम्ही लाखोंनी चाललो, तीच आमची ज्यूरी नव्हती का. ताईंनी उत्तर दिले की लाखोंच्या हातात फाइल नव्हती. उत्तर बरोबर होते, परंतु त्यावर टाळ्या पडल्या नाहीत, आणि त्यांनी पुढे न जाता विषय बदलला. इथे थांबायला हवे होते. मराठवाड्यातल्या सभागृहात हा प्रश्न टाळून फाशीवर बोलणे म्हणजे नदी ओलांडताना पाण्याविषयी न बोलणे होय.

शिक्षेच्या सुनावणीबद्दल त्यांनी जे सांगितले ते मात्र माझ्या पोटात गेले. आपल्या कायद्यात दोषी ठरवल्यानंतर शिक्षेच्या मुद्द्यावर आरोपीचे ऐकून घेणे बंधनकारक आहे. प्रत्यक्षात काय होते, ते मी रोजनाम्यात स्वतःच्या हाताने लिहिलेले आहे. एका न्यायालयात, जिथे मी बेंच क्लर्क होतो, सकाळी साडेअकराला दोषी ठरवले आणि दुपारच्या सुट्टीनंतर शिक्षेवर सुनावणी ठेवली. आरोपीला विचारले असता त्याने सांगितले की घरी म्हातारे आईवडील आहेत, लहान लेकरे आहेत, दया व्हावी. हे वाक्य मी माझ्या नोकरीत इतक्या वेळा लिहिले आहे की पुढे पुढे आरोपीने तोंड उघडण्याआधीच पेन चालत असे. चारला जन्मठेप झाली. त्याची आई गावाहून पाचच्या एसटीने आली तेव्हा गाडी आरोपीला घेऊन गेलेली होती. तिने मला विचारले, ‘साहेब, आज तारीख पडली का?’ अमेरिकेत याच टप्प्यावर आरोपीचे शिक्षक, शेजारी, डॉक्टर साक्षीला येतात आणि कित्येक दिवस त्याचे बालपण उलगडले जाते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये मनोज प्रकरणात परिविक्षा अधिकाऱ्याचा (प्रोबेशन ऑफिसरचा) अहवाल, मानसिक तपासणी आणि तुरुंगातील वर्तन या गोष्टी सत्र न्यायालयाच्या टप्प्यावरच मागवाव्यात, असे निर्देश दिले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शिक्षेवर पुरेशी सुनावणी म्हणजे काय, हा प्रश्न पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाकडे सोपवला. वर्गातील एकाही श्रोत्याला हे ठाऊक नव्हते, आणि निवृत्त शिरस्तेदारालाही नव्हते.

यातच महाराष्ट्रातील त्या सहा जणांचे प्रकरण सांगितले गेले, जे सर्वजण भटक्या जमातीतील होते. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा सुनावली आणि २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडून प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले. मधली जवळपास दहा वर्षे त्या निकालपत्राचा शब्द कायम होता. ज्यूरी असती तर हे टळले असते, असे म्हणणारा एकजण उठला. मी त्याला विचारले की तुझ्या बारांत त्यांच्या पालावरचा एखादा असता का. खरे पाहता हाच प्रश्न या वर्गाला विचारायला हवा. खटला ऊसतोड मजुराचा, आणि वर्ग भरवला तो दिवाळीनंतर, जेव्हा बीड जिल्ह्यातील टोळ्या कारखान्यांवर गेलेल्या असतात आणि वाड्या-तांड्यांवर म्हातारी आणि शाळकरी पोरेच उरलेली असतात. जे थोडे मागे राहिले असतील त्यांना बाराशे रुपये परवडणारे नव्हते. त्यामुळे एका मजुराच्या जगण्यामरण्याचा निर्णय दुकानदार, शिक्षक, सिस्टर आणि पेन्शनर यांनी घेतला. कोपीत राहणे म्हणजे काय, उचल अंगावर असताना मुकादमाने चारचौघांत बायकोला बोलणे म्हणजे काय, हे सांगू शकेल असे एकही माणूस छत्तिसांत नव्हते. आयोजकांना मी हे लेखी कळवले आहे आणि पुढचा वर्ग पट्टा पडल्यानंतर, म्हणजे कारखान्यांचा हंगाम संपल्यावर, वैशाखात घ्यावा व दहा जागा विनाशुल्क ठेवाव्यात, असे सुचवले आहे. पोच मिळाली, उत्तर नाही.

कोणी जावे? वकिलीचे विद्यार्थी, पोलीस खात्यातील मंडळी आणि निवृत्तीनंतर मत बनवायला वेळ मिळालेले माझ्यासारखे लोक यांनी जरूर जावे. ज्यांना आपले मत पक्के करून घ्यायचे आहे, त्यांचा चारही दिवस विरस होईल. नुसती पुस्तिका विकत मिळते, ती घेऊ नये. काल्पनिक खटल्याची फाइल स्वतंत्र विकायला ठेवली तर ती मात्र अवश्य घ्यावी आणि घरच्या बैठकीत चार माणसे बसवून वाचावी. आयोजकांनी पुस्तिकेतील चुका दुरुस्त कराव्यात, दोन्ही चाळण्या लावाव्यात आणि चहा गरम द्यावा.

मागच्या बाकावर बसवलेल्या पाच जणांना निम्मे शुल्क परत करू, असे आयोजकांनी शेवटच्या रविवारी सर्वांसमोर कबूल केले होते. दोन्ही शिक्षिका, तलाठी आणि ती मुलगी यांनी पाठपुरावा सोडून दिला आहे. आबा दर गुरुवारी बाजाराला येतात तेव्हा जिना चढून वर जातात, सहाशे रुपये मागतात, नाही म्हटल्यावर तिथेच बाकावर बसून वर्तमानपत्र वाचतात आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा येतो म्हणून सांगतात.